दाजींची चौदा फुटी बोट: एका खरेदीचं प्रकरण

दाजींनी दोन कागद माझ्या वर्कबेंचवर ठेवले तेव्हा मी एका दुधाच्या टँकरच्या झाकणाची वेल्डिंग घासत होतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं ॲल्युमिनियम फॅब्रिकेशनचं शेड आहे. टँकर, खिडक्या, टेम्पोच्या बॉड्या, येईल ते काम करतो. बोट मात्र आयुष्यात एकही बांधलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. दाजींचं म्हणणं, "पत्रा तुला कळतोय, पाणी मला कळतंय. दोघं मिळून बघू की."

दोन्ही कागदांवरची पहिली ओळ एकच होती: ॲल्युमिनियम फिशिंग बोट, १४ फूट. खालचंही बरंचसं सारखं. पुढे व्ही आकार, मागे सपाट होत गेलेला तळ, तीन आडव्या बैठका, मध्यावर काठाची उंची २२ इंच, लावायची मोटर ९.९ हॉर्सपॉवर. फरक म्हणावा असा एकच दिसत होता, तो किमतीत. एक ९५ हजारांना, दुसरी १ लाख ६५ हजारांना. "जुळ्या बहिणी हायत," दाजी म्हणाले. "स्वस्तातली घेतली तर कुठं माती खातोय, तेवढं सांग."

ताईचं घर करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठी. ऊस, चार म्हशी, एक ट्रॅक्टर. घरात माणसं पाच: दाजी, ताई, १९ वर्षांचा भाचा, १५ वर्षांची भाची आणि दाजींच्या आई, वय ७४. गावाच्या खालच्या अंगाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा ओसरला की त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात, मागं पाणी तुंबतं, आणि उन्हाळ्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर नदी तळ्यासारखी स्तब्ध होऊन राहते. दाजींची सगळी मासेमारी या पाण्यातली. लहानपणी काठावरून गळ टाकायचे, नंतर ट्रकच्या ट्यूबवर बसून. त्यात रत्नागिरीकडच्या एका ओळखीच्या माणसानं उधारी फिटवायची म्हणून ९.९ ची, बोटीच्या मागे टांगायची आउटबोर्ड मोटर गळ्यात मारली. मोटर गोठ्यात दोन वर्षं पोत्याखाली पडून होती. म्हणजे बोटीचा विचार मोटरीपासून सुरू झाला. घोड्याआधी नाल घेतल्यासारखं. ही गोष्ट पुढे नडली.

फायबरची का नको, हे दाजींनी स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि मला ते पटलं. आपल्याकडे उतारासाठी बांधीव रॅम्प नसतो. गाळ, मुरूम आणि बंधाऱ्याजवळचे काळे दगड, यांवरून बोट ओढत न्यायची. फायबरचा वरचा थर खरवडला की आतल्या काचधाग्यात पाणी शिरतं. ॲल्युमिनियमला पोचा येतो, ओरखडा येतो, काम चालू राहतं.

पहिली बोट, जिला आम्ही पुढे रिव्हेटवाली म्हणू लागलो, एका तलावाकाठच्या रिसॉर्टची. धंदा बंद झाला, सामान विकायला निघालं. १.६ मिलिमीटरचा पत्रा, जागोजाग भरीव रिव्हेटनं सांधलेला. वजन कागदावर ९२ किलो. काठाकाठाची रुंदी ५ फूट, तळाची ४० इंच. दुसरी, वेल्डिंगवाली, शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कुणाच्या तरी ऑर्डरीवर बांधलेली. गिऱ्हाईक फिरकलं नाही आणि बोट अंगणात ताडपत्रीखाली राहिली. तळाला अडीच मिलिमीटर, बाजूंना दोन मिलिमीटर पत्रा, वजन १३८ किलो, काठाला ५ फूट ४ इंच, तळाला ४८ इंच.

भाच्याचं मत पहिल्या दिवशीच तयार होतं. "मामा, हलकी बोट जास्त पळणार. त्यात काय बघायचं?" तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं त्याला सगळं माहीत असतं. ताईनं मात्र एकच प्रश्न विचारला आणि नंतर सगळी मापं आम्ही त्या प्रश्नाभोवतीच घेतली. ती म्हणाली, "आत्ती कुठून चढणार?" आत्ती म्हणजे तिच्या सासूबाई, दाजींच्या आई.

दोन्ही विकणाऱ्यांना पाच-पाच हजार टोकन देऊन आठवडाभरासाठी बोटी मागून घेतल्या. हे जमलं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं, म्हणून इथं सांगतो. कागद बघून बोट घेऊ नये. टोकन परत मिळेल हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं.

पहिलं काम वजनाचं. शेडच्या मागच्या गल्लीत भंगारवाला आहे, त्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर दोन्ही चढवल्या. दाजी ऊसवाले, काट्यावर त्यांचा विश्वास जन्मात बसणार नाही. आधी ते स्वतः उभे राहिले, ८२ भरले, मग मान हलवली. वेल्डिंगवाली १४१ भरली. कागदापेक्षा तीन किलो जास्त, रंगात आणि कड्यांत गेले असतील. रिव्हेटवाली १०९. कागदावर ९२.

सतरा किलो कुठून आले? मधल्या बैठकीचा पत्रा ठोकला तर आवाज बद्द. चार रिव्हेट ड्रिल करून आत हात घातला. पिवळा फोम होता, बोटानं दाबला की स्पंजासारखं पाणी गळायचं. बोट उलटली किंवा भरली तरी बुडू नये म्हणून बैठकांखाली हा फोम भरतात. पॉलियुरेथेनचा फोम नवा असताना पाणी घेत नाही, पण वर्षानुवर्षं ओलीत राहिला की हळूहळू पिऊ लागतो. मग तो तरंगवायचं सोडून उलट वजन वाढवतो. बाहेरून काही दिसत नाही. जुनी बोट बघायला जाणाऱ्यानं खिशात काही नसलं तरी चालेल, काटा मात्र गाठावा.

मग गळतीची परीक्षा. लोक बोट पाण्यात टाकून आत पाणी येतं का बघतात. आम्ही उलटं केलं. बोट जमिनीवर, तळाखाली जुने टायर सगळीकडून सारखे लावले आणि बोटीत पाणी भरलं. फार नाही, तीन इंच. तेवढ्यालाही दोन-सव्वादोनशे किलो होतात. जास्त भरलं तर न गळणारी बोटही वाकेल. मग भाची खडू घेऊन खाली घुसली. बाहेरून पाझरणारा प्रत्येक रिव्हेट दिसतो, थेंब धरतो, पडतो. ती एकेकाभोवती गोल करत गेली. अकरा गोल झाले. त्यातले आठ मधल्या आणि मागच्या बैठकीच्या दरम्यान एका ओळीत. तिथं बोट दगडावर आपटत आली असणार.

अकरा रिव्हेट म्हणजे रड नव्हे. सैल झालेला भरीव रिव्हेट आतून जड लोखंडी ठोकळा लावून बाहेरून हातोडीनं पुन्हा बसवता येतो. एकानं ठोकळा धरायचा, दुसऱ्यानं मारायचं. अगदीच झिजला असेल तर काढून एक नंबर मोठा घालायचा. फक्त तिथं बाजारातला पॉप रिव्हेट मारू नये. तो पोकळ असतो, मधूनच पाणी येतं. रिसॉर्टवाल्यांनी दोन ठिकाणी नेमका तोच मारून वर सिलिकॉन थापलं होतं.

रिव्हेटच्या बोटींचं उदाहरण अमेरिकेतलं. तिकडे विमानं बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीनं १९४५ पासून ॲल्युमिनियमच्या कनू बांधायला सुरुवात केली. विमानाचा पत्रा जसा सांधतात तशीच होडी सांधली. रिव्हेटमध्ये उष्णता लागत नाही, म्हणून पत्रा पातळ ठेवता येतो आणि त्याचा कडकपणा टिकतो. वेल्डिंगचं गणित वेगळं. ५०५२ किंवा ५०८३ सारख्या मिश्रधातूची ताकद, निदान तिचा एक भाग, थंड अवस्थेत लाटून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की शिवणीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो. शिवाय दोन मिलिमीटरच्या खाली पत्रा वेल्ड करताना तो पापडासारखा वाकतो. म्हणून वेल्डिंगच्या बोटी जाड पत्र्याच्या असतात. 'अडीच मिलिमीटर म्हणजे दीडपट मजबूत' असं विक्रेता सांगतो, ते अर्धंच खरं. त्यातली थोडी जाडी वेल्डिंगनं गमावलेलं भरून काढायला गेलेली असते.

वेल्डिंगवालीची तपासणी आमच्या गावात सोपी. कोल्हापुरात फाउंड्र्या इतक्या, की धातूत काय काय आहे ते सांगणारं स्पेक्ट्रो मशीन आणि बारीक भेगा दाखवणारा लाल डाय कुणाकडेही मिळतात. बांधणाऱ्यानं ५०८३ पत्रा सांगितला होता. बोटीबरोबर कापातला एक तुकडा मागून घेतला आणि ओळखीच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर मारला. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४ ते ४.९ टक्के असतं, ५०५२ मध्ये २.२ ते २.८. तुकडा ४.४ आला. माणूस खरा निघाला. हे बघायचं कारण एवढंच की बस-बॉडीचा साधा पत्रा आणि मरीन ग्रेडचा पत्रा डोळ्याला सारखेच चकाकतात.

मग सगळ्या शिवणींवर लाल डाय फवारला, पंधरा मिनिटं ठेवला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला. वेल्डिंग चांगली होती, नाण्यांची चळत आडवी पाडावी तशी. पण उजव्या बाजूला, जिथं तळ आणि बाजू जुळतात त्या कोपऱ्यात, मधल्या बैठकीच्या ब्रॅकेटपाशी पांढऱ्यावर एक लाल केस उमटला. अर्धा इंच. वेल्डरनं तिथं आर्क तोडला होता आणि शेवटचा खड्डा न भरता हात उचलला होता. ॲल्युमिनियममध्ये अशा खड्ड्यात निवताना भेग पडते. आज पाणी येत नाही. पण बंधाऱ्याच्या दगडावर दोन हंगाम आपटली की हीच भेग चालू लागते.

तर दोन्ही बोटींत दोष निघाले. इथपर्यंत दाजींचा कल स्वस्तातलीकडे होता. फोम बदलू, रिव्हेट ठोकू, वीस हजारांत काम, तरी पन्नास हजार वाचतायत. हिशेब चुकीचा नव्हता.

रविवारी दोन्ही बोटी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून बंधाऱ्याच्या पाण्यावर नेल्या.

आत्तीचा प्रश्न तिथं पहिल्या पाच मिनिटांत पुढे आला. काठ उतरता, चिखलाचा. म्हातारं माणूस बोटीत पाय ठेवतं तेव्हा ते मधोमध ठेवत नाही, काठालगत ठेवतं, आणि क्षणभर सगळं वजन त्या एका पायावर असतं. रिव्हेटवालीत पाय पडताच बोट तिच्याकडे अशी काही झुकली की भाच्यानं पलीकडचा काठ दाबून धरला. म्हातारी हसली, म्हणाली, "ही काहिलीवाणी डुलतीया." तिच्या तरुणपणी पुरात गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून लोक नदी ओलांडायचे. गुळाची ती अवाढव्य कढई, हातात एक वल्हं, आणि गिरकी खात पलीकडं. त्यामुळं तिला भीती नव्हती, अनुभव होता. वेल्डिंगवालीत ती भाचीचा हात धरून चढली आणि थेट पुढच्या बैठकीवर जाऊन बसली.

हे नुसतं वाटणं नको म्हणून मापलं. दाजी आणि भाचा, दोघांचं मिळून १५० किलो, मध्यरेषेपासून फूटभर उजवीकडे उभे केले. गळाला मोठा मासा लागला की असंच होतं: एक जण ओढतो, दुसरा जाळी घेऊन त्याच बाजूला वाकतो. मी काठावरच्या पाण्यात पट्टी घेऊन उभा. रिव्हेटवालीचा काठ पाण्यापासून आठ इंचांवर आला. वेल्डिंगवालीचा तेरा इंचांवर थांबला. दोघींच्या काठाची उंची सारखीच, बावीस. मोटरही तीच.

कारण तळाच्या रुंदीत आहे आणि ते कागदावर सर्वांत खाली बारीक अक्षरात होतं. लोक काठाची रुंदी बघतात, ५ फूट की ५ फूट ४ इंच. चार इंचांचा फरक, सोडून देण्यासारखा. पण तळ ४० इंच आणि ४८ इंच, म्हणजे पाचास सहा. आणि बोट कलू नये म्हणून पाणी जो विरोध करतं तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ म्हणजे १.७३. तळ वीस टक्के रुंद, विरोध त्र्याहत्तर टक्के जास्त. वेल्डिंगवालीचं जादा वजन वजा केलं तरी दीडपटीच्या वर उरतो. भाच्यानं हे मोबाईलवर दोनदा करून बघितलं आणि मग गप्प बसला, जे त्याच्या बाबतीत दुर्मीळ.

दुसरा हिशेब त्याच रात्री ताईच्या सोप्यात, वहीच्या मागच्या पानावर. घरातली पाच माणसं ३०९ किलो. मोटर ४०, बाकी पेट्रोल, नांगर, बर्फाचा डबा, गळ-जाळी धरून आणखी ४१. एकूण ३९०. एक चौरस मीटर तळ एक सेंटिमीटर बुडायला दहा किलो लागतात, हे पाण्याचं साधं माप. टोकाकडचा निमुळता भाग सोडून रिव्हेटवालीचा तळ ३.१ चौरस मीटर, म्हणजे दर ३१ किलोला ती एक सेंटिमीटर बसते. वेल्डिंगवालीला ३७ लागतात. बोटींची वजनं कागदावरचीच धरली, रिव्हेटवालीचा फोम बदलला असं समजून. भरलेली रिव्हेटवाली ४८२ किलो, साडेपंधरा सेंटिमीटर बुडणार. भरलेली वेल्डिंगवाली ५२८ किलो, चौदा. जड बोट कमी बुडते! दाजींना हे शेवटपर्यंत पचलं नाही.

तिकडे अमेरिकेत वीस फुटांखालच्या बोटीवर किती माणसं, किती वजन याची पाटी ठोकलेली असते. आपल्या या दोघींवर काही नव्हतं. पाटी नसेल तर तिथला ढोबळ नियम: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. रिव्हेटवालीला ४.६७, वेल्डिंगवालीला ४.९८. खालचा पूर्णांक धरायचा, दोघींनाही चार. म्हणजे पाच जणांच्या घराला १४ फुटी बोट काठावरच बसते, कुठलीही घ्या. आम्ही ठरवलं: गळ-जाळी असेल तर चारच, पाचही जण गेले तर सामान घरी आणि पाणी शांत. जॅकेट सगळ्यांना, आजीला सुद्धा. तिनं ते नऊवारीवर घातलं आणि आरशात बघून घेतलं.

भाच्याची हौस म्हणून वेगाचीही चाचणी झाली. दोघंच असताना रिव्हेटवाली पाण्यावर उचलली गेली आणि सुसाट निघाली. पाच जण बसले की तीच पाणी ढकलत रेंगाळली. घरच्या बोटीत माणसं असणार आहेत, त्यामुळं हा मुद्दा तिथंच संपला.

पण आता मोटर आडवी आली. बोटीच्या ज्या मागच्या फळीला मोटर टांगतात तिची उंची साधारण १५ इंच किंवा २० इंच असते आणि मोटरचा दांडाही त्याप्रमाणे आखूड किंवा लांब. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यायला हवी. दाजींची मोटर आखूड दांड्याची. रिव्हेटवालीची फळी १५ इंच, चपखल. वेल्डिंगवालीची २०. तिच्यावर ही मोटर टांगली की पंखा पाच इंच वर राहतो, हवा ओढतो, नुसता घरघरतो. नवी लांब दांड्याची मोटर म्हणजे बोटीइतकाच खर्च. दाजी म्हणाले, "मग झालं की. देवानंच सांगितलं, पहिली घ्या."

फळीत खाच कापता येते. पण बोटीत पाणी शिरायचं तर बहुतेक वेळा तिथूनच शिरतं. एकदम गॅस सोडला की मागची लाट पुढे येऊन फळीवर चढते. म्हणून मी सांगितलं: खाच कापू, पण तिच्या पुढे, बोटीच्या आत, पूर्ण उंचीची आडवी भिंत घालू. मधे हौदासारखी जागा राहील, आत आलेलं पाणी दोन भोकांतून मागेच बाहेर जाईल. मागची बैठक त्यामुळं नऊ इंच पुढे सरकते. दाजींनी विचारलं, "तुझी मजुरी किती?" मी म्हटलं, ताईचं माहेर समजा.

रिव्हेटवालीच्या बाजूनं एक मुद्दा मात्र खणखणीत होता, आणि तो मी खाली दाबणार नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत पन्नास-साठ पावलं गाळ उघडा पडतो. ९२ किलोची बोट चौघं उचलून नेतात. १३८ किलोची उचलत नाही, ओढावी लागते. दाजी आणि भाचा दोघंच असतील तर ओढतानाही कंबर जाते. जे घर दोघांचं आहे, गळ टाकायचा आणि संध्याकाळी बोट ट्रॉलीत घालून परत आणायची, त्यांनी रिव्हेटवाली घ्यावी आणि फोम बदलून घ्यावा. मी स्वतःसाठी घेतली असती तर तीच घेतली असती.

दुसरा मुद्दा लोक नेहमी सांगतात: रिव्हेटची बोट कुठंही दुरुस्त होते, वेल्डिंगच्या बोटीला आर्गॉन वायूवरचं वेल्डिंग लागतं. आडरानात खरं आहे. कोल्हापुरात आर्गॉनवाला शोधायला मला शेडचं दारसुद्धा उघडावं लागत नाही. उलट रिव्हेट हातानं नीट बसवणारा कारागीर आता शोधून सापडत नाही.

आता पुराचं. दाजींच्या मनात बोट घ्यायचं खरं कारण तेच होतं. मासेमारी हे दाखवायचं. भोगावती पुढे जिला मिळते त्या पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. राधानगरी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीकाठच्या माणसाला झोप नसते. दाजींनी २०१९ ला चार म्हशी माळावर नेल्या, पण वैरण घरातच अडकली. त्यांना वाटायचं, बोट असती तर.

मी स्पष्ट सांगितलं की यातली एकही बोट पुराची नाही. वाहत्या पुरात विजेच्या तारा, वाकलेली झाडं, पाण्याखालचा ऊस आणि कुंपणं असतात. ऊस पंख्यात गुंडाळला की ९.९ ची मोटर काही करू शकत नाही, आणि मग बोट प्रवाहाची होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला खचाखच भरलेली बोट पुरात उलटली, ते इकडे कुणी विसरलेलं नाही. पुरात बोटीकडे माणसं धावत येतात, आणि 'बास, आता नको' म्हणणं ही दाजींच्या स्वभावात नसलेली गोष्ट आहे. ताईनं मान हलवली. ठरलं ते असं: प्रवाहात बोट घालायची नाही. पाणी गल्लीत शिरून थांबलं असेल तर वल्ह्यानं, मोटर न लावता, वैरण न्यायची. आणि आजीला इशारा पातळीलाच माझ्याकडं आणायचं, ट्रॅक्टरनं, कोरड्या रस्त्यावरून.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटर लावली की बोट २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते, नोंदणी आणि तपासणीचं बघावं लागतं. धरणाच्या जलाशयावर गळ टाकायचा तर ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेका आहे तिला आधी विचारावं लागतं. दाजींना हे सगळं कटकटीचं वाटलं. कटकट आहेच.

घेतली वेल्डिंगवाली. डायचा लाल केस दाखवल्यावर बांधणाऱ्यानं वाद घातला नाही, दहा हजार कमी केले. भेग मी पूर्ण घासून काढली, पुन्हा डाय मारून खात्री केली आणि ५३५६ नंबरच्या वेल्डिंग तारेनं भरली, शेवटचा खड्डा भरेपर्यंत हात न उचलता. बैठकांखाली तिच्यात काहीच नव्हतं, नुसते पोकळ डबे. पत्रा पाण्यात बुडाला की त्याच्या वजनातलं सुमारे ६३ टक्केच उरतं, ॲल्युमिनियमची घनता २.७ म्हणून. १३८ किलोचे ८७. मोटरीचे तीसेक धरले. एक लिटर फोम जवळपास एक किलो तोलतो. हे झाले सव्वाशेच्या आत, आणि पाण्यात पडलेली पाच माणसं बोटीला धरून राहतील म्हणून तितकंच आणखी. अडीचशे लिटर पॅकिंगचा ईपीई फोम दाबून बसवला. भाचा थर्मोकोल आणत होता, स्वस्त म्हणून. थर्मोकोलवर पेट्रोलचे चार थेंब टाकून दाखवले. बघता बघता खड्डा पडला.

मोटरच्या फळीत आधी मरीन प्लाय घातला होता तो तसाच ठेवला. तिथल्या लोखंडी बोल्टांच्या जागी स्टेनलेसचे घातले, खाली नायलॉनचे वॉशर. दुसरी धातू ॲल्युमिनियमला ओलीत चिकटून राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तांबं असेल तर फार लवकर.

दिवाळीनंतर बरगे बसले, पाणी धरलं, एका शुक्रवारी बोटीची पूजा झाली. नारळ काठावरच्या दगडावर फोडला, बोटीवर नव्हे, एवढं मी बघितलं. पंधरा दिवसांनी मी गळ घेऊन गेलो तेव्हा पुढच्या बैठकीखाली बर्फाचा डबा सरकवताना बोटांना काहीतरी गोल लागलं. भोकाचा पैसा. ब्रिटिशांच्या शेवटच्या काळातला, काळपट. आजीनं पूजेच्या दिवशी गुपचूप तळाशी ठेवला होता, बोटीला दृष्ट लागू नये म्हणून. उचलला तर खाली पांढरी भुकटी आणि तिच्याखाली, नखाला लागेल न लागेल असा, भोकासकट पैशाचा गोल शिक्का पत्र्यात उतरलेला.

आजीला काय सांगायचं यावर घरात अर्धा तास खलबत झालं. शेवटी भाचीनं तिच्या कानातल्यांची प्लास्टिकची डबी आणली, पैसा तिच्यात घातला, झाकण चिकटवलं आणि डबी बैठकीखाली होती तिथंच टेपनं लावली. आजीनं वाकून बघितलं. "दिसतोय न्हवं बाहेरनं? मग चालतंय," म्हणाली आणि पुढच्या बैठकीवर जाऊन बसली.